छोटी बोनसाय नर्सरी वर्षभर कशी चालवायची: पुण्याच्या हवेतलं माझं कॅलेंडर

आमच्या फाटकाशी एक पिंपळ आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याची पानं पिवळी पडून अंगणभर यायला लागली की घरात झाडलोटीवरून कुरकुर सुरू होते आणि मी कुंड्या बदलायच्या तयारीला लागतो, कारण माझ्या नर्सरीचं नवीन वर्ष तेव्हा लागतं. सुरुवातीला मी जपानी पद्धतीची पुस्तकं वाचून त्यातलं महिन्यांचं कोष्टक भिंतीला चिकटवलं होतं, स्प्रिंगला हे करा, ऑटमला ते करा, आणि त्या नादात दोन वर्षं बरीच झाडं घालवली. आपल्याकडे कसला आलाय ऑटम, आपल्याकडे ऑक्टोबर हीट असते. वड, पिंपळ, चिंच ही झाडं त्यांच्या हिशोबाने चालतात, तो हिशोब कळला की निम्मं काम सोपं होतं.

माझी जागा पिरंगुटच्या पुढे, दीड गुंठा, म्हणजे सोळाशे स्क्वेअर फूट आणि थोडं वर. लहान-मोठ्या धरून साडेतीनशे-चारशे कुंड्या. मी आणि अर्धा दिवस येणाऱ्या एक मावशी, बास. खाली लिहिलंय ते पुणे, सातारा, नाशिक बाजूला जसंच्या तसं चालेल, कोकणातल्यांनी पावसाचा भाग दुपटीने मनावर घ्या आणि नागपूर-अकोल्याकडच्यांनी उन्हाळ्याचा.

आधी झाडं कुठली घ्यायची

नवीन माणूस पहिली चूक इथेच करतो. जुनिपर आणि पाईन बघून वेडा होतो, कारण फोटोत तीच असतात. पुण्याच्या मे महिन्यात ती तग धरतात पण खुश नसतात, महाबळेश्वर-पाचगणीला असाल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे निम्म्याहून जास्त माल फायकसचा आहे, वड, पिंपळ, उंबर आणि ते बारीक पानाचं फायकस ज्याला सगळे लाँग आयलंड म्हणतात. मग कुंती (काही जण कामिनी म्हणतात, तीच), बोगनवेल, चिंच, डाळिंब, जेड आणि अडेनियम. सुरुवात करणाऱ्याने फायकस, जेड आणि बोगनवेल एवढ्या तिघांवर एक पूर्ण वर्ष काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. ही झाडं चुका माफ करतात, कुंती करत नाही.

रोपं उरुळी कांचनच्या पट्ट्यातून आणतो, तिथे एका दिवसात पन्नास ठिकाणं फिरता येतात. बोनसाय म्हणून ठेवलेलं महाग झाड घेऊ नका, मागच्या बाजूला कोपऱ्यात पडलेली, पिशवी फाटून मुळं जमिनीत गेलेली जुनी रोपं बघा. त्यांचं खोड जाड झालेलं असतं आणि मालक ती स्वस्तात देतो, वर म्हणतो "ही कशाला घेताय दादा, पुढची चांगली आहेत की". आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांचा माल पण पुण्यात भरपूर येतो, दिसतो झकास, पण तो तिकडच्या चिकट मातीच्या गोळ्यात असतो, तो गोळा पहिल्या रिपॉटिंगला (म्हणजे झाड काढून, मुळं छाटून नव्या मातीत लावताना) फोडावाच लागतो नाहीतर मधे पाणी जातच नाही.

आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ट्रेमध्ये, म्हणजे बोनसायच्या उथळ कुंडीत, खोड जाड होत नाही. खोड जाड होतं जमिनीत नाहीतर मोठ्या कुंडीत. मी जागेचा मागचा पट्टा यासाठीच ठेवलाय. रोपाचं सोटमूळ कापून खाली जुनं मंगलोरी कौल किंवा फरशीचा तुकडा ठेवून लावायचं, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात आणि बुंधा रुंद, धरून बसल्यासारखा दिसतो. दोन-तीन वर्षं त्याला मोकळं वाढू द्यायचं, उंच झालं तरी हात लावायचा नाही, मग खोड हवं तिथे कापायचं आणि नवीन शेंडा तयार करायचा. माझ्या सगळ्यात चांगल्या किमतीला गेलेल्या झाडांपैकी एकही सुरुवातीपासून कुंडीत वाढलेलं नव्हतं.

माती

काळी माती विसरा. पावसात चिखल आणि उन्हात भेगा. माझं मिश्रण असं: दोन भाग विटांचा चुरा, एक भाग बारीक खडी, एक भाग चांगलं कुजलेलं चाळलेलं शेणखत. फायकस आणि कुंतीला मूठ-दोन मूठ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जेड आणि अडेनियमला कोकोपीट अजिबात नाही आणि खडी डबल.

विटेचा चुरा कसला आहे यावर सगळं अवलंबून आहे. वीट पक्की भाजलेली पाहिजे. भट्टीच्या कडेची कच्ची पिवळट वीट वर्षभरात कुंडीत विरघळते आणि ट्रेच्या तळाशी लाल गाळ होऊन भोकं बंद करते. टेस्ट साधी आहे, मूठभर चुरा रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी बोटांनी चोळा, पाणी लाल होऊन हातात लगदा आला तर तो माल परत पाठवा. चुरा दोन चाळण्यांनी चाळायचा, साधारण २ ते ५ मिलिमीटरचा दाणा ठेवायचा, त्याखालची पूड फेकायची. ती पूड टाकायला जीव होत नाही माहितीये, मीसुद्धा एक वर्ष "एवढी कशाला वाया घालवायची" म्हणून मिसळली होती आणि जुलैत वीस-बावीस ट्रे पाण्याने तुंबून बसले. आता ती वाटेवर पसरतो.

हे चाळणं जानेवारीच्या शेवटी आटपून ठेवा, रिपॉटिंग सुरू झाल्यावर चाळत बसायला वेळ मिळत नाही.

फेब्रुवारीची अखेर ते मार्च: रिपॉटिंग

फांदीवरचे डोळे फुगलेत पण पान उघडलं नाही ही वेळ. कुंती, चिंच, डाळिंब, फुलं संपलेली बोगनवेल आणि ट्रेमध्ये बसलेली जुनी फायकस मी आत्ता काढतो. ज्या फायकसची मुळं खूप कापायची आहेत, म्हणजे मोठ्या कुंडीतून पहिल्यांदा ट्रेमध्ये जाणारी, ती जूनसाठी ठेवतो. लहान वाढती झाडं दरवर्षी किंवा एक वर्षाआड, जुनी दोन-तीन वर्षांनी.

एका वडाचं सांगतो म्हणजे क्रम लक्षात येईल. आदल्या दिवशी पाणी देत नाही, माती थोडी सुकी असली की गोळा सुटा निघतो. ट्रेच्या कडेने जुनी सुरी फिरवून झाड उचलायचं. खालून बघितलं तर मुळांची चटई झालेली असते, ट्रेच्या आकाराची. रूट हुकने, नसेल तर जाड तार वाकवून, बाहेरून आत न ओढता बुंध्याकडून बाहेर विंचरायचं, केस विंचरतो तसं. खाली जाणारी जाड मुळं आधी कापायची, आडवी पसरलेली ठेवायची, एकूण मुळांपैकी तिसरा हिस्सा जातो. वडाचा चीक हाताला लागला की निघत नाही, आधीच खोबरेल लावून बसा. ट्रेच्या भोकांवर शेडनेटचा तुकडा, भोकातून तार वर काढलेली, तळाला जाड खडीचा पातळ थर, मग मातीचा छोटा उंचवटा आणि त्यावर झाड दाबून बसवायचं. आता तारेने मुळं ट्रेला घट्ट बांधायची. हे बांधणं नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग वाऱ्याने झाड हललं की नवीन बारीक मुळं तुटतात, झाड सहा महिने आहे तिथेच राहतं आणि माणूस खताला दोष देतो. मग कोरडी माती भरून बांबूच्या काडीने टोचत राहायचं, काडी खाली जायची थांबली की पोकळी भरली. शेवटी झारीने पाणी, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

दोन-तीन आठवडे शेडनेटखाली. महिनाभर खत नाही. जेड आणि अडेनियमला मुळं कापल्यावर पाच-सात दिवस पाणीच द्यायचं नाही, जखम सुकू द्यायची, नाहीतर कुजतात.

पानं काढणं, म्हणजे डिफोलिएशन, ते पण याच दिवसात करता येतं, फायकसचं पान देठ ठेवून कापलं की नवीन पान लहान येतं. पण फक्त धडधाकट झाडाचं, आणि ज्याचं रिपॉटिंग केलंय त्याचं त्या वर्षी नाही. दोन ऑपरेशनं एका दिवशी करू नका.

एप्रिल-मे: फक्त जिवंत ठेवा

या दोन महिन्यांत नवीन काही करायचं नाही. ५० टक्क्यांची शेडनेट, सकाळी सातच्या आत एक पाणी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरं. लहान ट्रे, हाताच्या पंजात मावणारे, ते मी ओल्या वाळूच्या पसरट घमेल्यात टेकवून ठेवतो. बोगनवेल, जेड, अडेनियम उघड्यावर उन्हात, त्यांना मजा येते.

पाईपचं पाणी. उन्हात पडलेल्या काळ्या पाईपमधलं पहिलं पाणी चहा होईल इतकं तापलेलं असतं, ते बादलीत सोडून द्या, हाताला गार लागलं की मगच झाडाकडे वळा. हे मला मावशींनी शिकवलं, त्यांच्या हाताला चटका बसला म्हणून. पाणी कधी द्यायचं तेही त्यांच्याकडूनच शिकलो, त्या प्रत्येक ट्रे एका बाजूने किंचित उचलून बघतात आणि "ह्याला आज नको" म्हणून पुढे जातात. मी मॉइश्चर मीटर आणला होता, तो कुठेतरी ड्रॉवरमध्ये आहे.

एका मेमध्ये घरातलं लग्न होतं म्हणून तीन दिवस टायमरवर ठिबक लावून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, ती तिसऱ्या दिवशी आली. अकरा झाडं गेली, त्यातल्या सात कुंती. तेव्हापासून मेमध्ये जागा माणसाशिवाय सोडत नाही, टायमर असला तरी.

लाल कोळी याच दिवसात येतो. पानं धुरकट, मळकट दिसायला लागली की पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटका, कागदावर चालणारे लालसर ठिपके दिसले की समजा आलाय. पानांच्या खालून जोरात पाणी मारणं हाच अर्धा उपाय, बाकी निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. भर उन्हात मारलं तर पानं जळतात, ते पण करून झालंय.

बोअरचं पाणी असेल तर ट्रेच्या कडेला आणि बुंध्याला पांढरा थर चढतो. जुन्या टूथब्रशने घासून काढा.

पावसाळा: कमाईचा नाही, पण माल इथे तयार होतो

रोहिणीच्या शेवटी एखाद-दोन वळीव झाले की अंगात येतं, पण थांबा. वळवानंतर परत आठ दिवस कडक ऊन पडतं आणि तुम्ही घाईने कापलेली मुळं त्यात शिजतात. मृग लागून हवा सलग दमट झाली की सुरू करायचं. मृग आणि आर्द्रा, म्हणजे जूनचा दुसरा आठवडा ते जुलैची सुरुवात, यात मी कलमं आणि राहिलेली मोठी फायकस संपवतो.

फायकसची फांदी पेन्सिलीएवढी असो नाहीतर मनगटाएवढी, लागते. कापल्यावर चीक येऊन थांबू द्यायचा, पुसायचा, अर्धी पानं काढायची आणि वाळू-विटेच्या मिश्रणात खोचून हलणार नाही असं बांधायचं. जेडचा तुकडा चार-पाच दिवस सावलीत सुकवून मग लावायचा. चिंचोके रात्रभर भिजवून आत्ताच पेरा.

गुटी कलम मात्र नीट शिका, नर्सरीचा खरा नफा त्यात आहे. मोठ्या झाडावर फांदी आधीच वळणदार, जाडजूड मिळते, तिथेच मुळं फोडून घेतली की चार वर्षं वाचतात. अंगठ्याएवढी फांदी निवडा, जाडीच्या दीडपट रुंदीची सालीची अंगठी काढा, आतला ओला चिकट थर सुरीने खरवडून लाकूड कोरडं लागेपर्यंत घासा, तो थर राहिला तर साल परत जुळते आणि दोन महिन्यांनी उघडलं की मुळं शून्य. वरच्या कापाला रूटिंग हार्मोनची पावडर. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं सुकं शेवाळ) भिजवून घट्ट पिळून, थेंब पडायचा बंद झाला की, गोळा करून लावायचं आणि पारदर्शक प्लास्टिकने दोन्हीकडे बांधायचं. वरची गाठ जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरून सगळं सडतं. फायकसला पाच-सहा आठवड्यांत मुळं दिसतात, कुंतीला कधीकधी तीन महिने. पांढरी दोन मुळं दिसली की कापू नका, भरपूर मुळं येऊन तपकिरी पडायला लागली की कापा.

जुन्या बिल्डिंगच्या पन्हाळीत, गच्चीच्या कठड्यात वड-पिंपळ उगवलेले असतात, ते सोसायटीवाले तसेही काढून टाकणार असतात. सेक्रेटरीकाकांना विचारून काढा, जुलैत, जेवढं मूळ भिंतीतून येईल तेवढं घेऊन. जाड वाळूत बांधून लावा, पानं सगळी कापा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवून विसरा. दोनदा नवी पालवी येईपर्यंत खत नाही. वनखात्याच्या हद्दीतून किंवा गडाच्या तटातून मात्र काहीही उपटून आणू नका, कितीही सुंदर असलं तरी. आणि शहरात वाढलेलं झाड तोडायचं-काढायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, धंदा करणाऱ्याने तरी कागद करून घ्यावा.

आता धोका. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही. प्रत्येक ट्रेच्या एका टोकाखाली विटेचा छोटा तुकडा सरकवा, ट्रे तिरका झाला की तळाला साचणारं पाणी एका भोकातून निघून जातं. एवढ्याशा गोष्टीने मुळं वाचतात. अडेनियम आणि जेड पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छताखाली गेलेच पाहिजेत. पानांवर काळे-तपकिरी डाग पसरायला लागले तर उघडीप बघून कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम.

वायर, म्हणजे फांदीला वळण द्यायला गुंडाळतो ती तार. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने फुगतं की तीन आठवड्यांत वायर रुतते. मी एका आषाढात चाळीसएक झाडांना वायरिंग केलं, मग सतत पाऊस म्हणून तिकडे फिरकलोच नाही, श्रावणात बघितलं तर खोडांवर मलखांबाला दोरी गुंडाळल्यासारखे व्रण. त्यातली काही झाडं अजून माझ्याकडे आहेत, कोणी घेत नाही. दर दहा दिवसांनी बघा, आणि काढताना उलगडू नका, तुकडे-तुकडे कापून काढा. वायर फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची, ॲल्युमिनियमची.

बाकी पाहुणे: गोगलगायी, रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचून मिठाच्या पाण्यात. हुमणी, ही अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते, धडधाकट झाड अचानक हलायला लागलं तर उपसून बघा, खाली मुळांच्या जागी पांढरी अळी इंग्रजी सी सारखी वळून झोपलेली असते. बारीक पानाच्या फायकसची पानं दुमडली तर आत काळे थ्रिप्स असतात, ती पानं तोडून जाळा. आणि आंबुशी, ती प्रत्येक ट्रेमध्ये उगवणार, मुळासकट काढा, नुसती तोडली तर आठवड्यात परत.

भिंतीवरचं हिरवं मखमली शेवाळ याच दिवसात खरवडून, सुकवून डब्यात भरून ठेवा. डिसेंबरात ट्रे सजवायला लागतं तेव्हा कुठे मिळत नाही.

ऑक्टोबर

गणपती-नवरात्र संपतं, पाऊस थांबतो, माणूस निवांत होतो. चार महिने पाणी घालायची सवय मोडलेली असते आणि ऊन एकदम चढतं. माझ्या हिशोबात मे महिन्याच्या खालोखाल झाडं ऑक्टोबरमध्ये मरतात. हस्ताचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवसापासून परत रोज सकाळी ट्रे उचलून बघायची सवय लावा, आणि छताखालून काढलेली झाडं थेट उन्हात न नेता आठ दिवस नेटखाली.

खत देण्याची हीच सगळ्यात चांगली वेळ, सप्टेंबर मध्य ते नोव्हेंबर. शेंगदाणा पेंड तीन-चार दिवस भिजवून, वरचं पाणी दहापट पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा. वास येतो, प्रचंड येतो, झाकण लावा आणि शेजारी पाहुणे नसतील तो दिवस निवडा.

बोगनवेल आणि डाळिंबाला आता ताण द्यायचा. डाळिंबवाला शेतकरी बहार धरायला पाणी तोडतो ना, तेच इथे छोट्या प्रमाणात. बोगनवेलीची पानं लोंबायला लागेपर्यंत पाणी थांबवा, मग थोडं द्या, परत थांबवा, नोव्हेंबर-डिसेंबरात फुलांनी अशी लखडते की गिऱ्हाईक गाडी थांबवून आत येतं.

थंडी आणि विक्री

डिसेंबर-जानेवारीत फायकस झोपेत असतं, त्याची मुळं कापू नका. पाणी दिवसाआड किंवा दोन दिवसांनी, अडेनियमला जवळपास बंद. या दिवसात आकार बघायचा, वाळक्या काड्या काढायच्या, खोडं घासायची, ट्रेला कडेने पुसटसा तेलाचा हात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचा फ्लॉवर शो असतो, तेव्हा शहरात झाडं घ्यायचा मूड असतो.

विकताना माझा एक नियम आहे, गिऱ्हाईक "टीव्हीशेजारी ठेवायचंय" म्हणालं की मी झाड देत नाही, किंवा बाल्कनी आहे का विचारतो. झाड मेलं की गिऱ्हाईक परत येत नाही, आणि बोनसाय टिकत नाहीत म्हणून चार लोकांना सांगतं. तीन वर्षांचं लाँग आयलंड आठ इंची ट्रेमध्ये मी दीड ते दोन हजाराला देतो, त्यात पहिलं रिपॉटिंग फुकट, म्हणजे माणूस वर्षाने परत येतोच. पण खरं सांगायचं तर महिन्याचा खर्च विक्रीतून निघत नाही, तो निघतो पाळणाघरातून. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत लोक गावाला जातात, तेव्हा त्यांची झाडं दिवसाच्या हिशोबाने सांभाळायला ठेवतो, आणि लोकांच्या घरी जाऊन रिपॉटिंग, छाटणी करून देतो.

प्रत्येक झाडाला पट्टी लावा, कधी आणलं, कधी मुळं कापली, कधी वायर लावली. मार्करने लिहू नका, सहा महिन्यांत उन्हाने कोरी होते, साध्या पेन्सिलीने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलेलं माझं चार वर्षांपूर्वीचं अजून वाचता येतं.

शोमधून किंवा कुणाच्या घरून परत आलेली झाडं लगेच रांगेत लावू नका. एक वेगळा कोपरा ठेवा, पंधरा दिवस तिथेच, पानांच्या बेचक्यात आणि फांदीच्या खालून कापसासारखा मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसतो का बघायचं, आणि ट्रेच्या खालच्या भोकातूनही, कारण मुळांचा मिलीबग वरून दिसत नाही.